टेस्ट लाल होती, तरी पीआर मर्ज झाला. कसा?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतो.

सहा जणांची टीम. कोड गिटहबवर, तपासण्या गिटहब अ‍ॅक्शन्सवर. वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या जॉबची फाइल) एकच, त्यात लिंट (कोडच्या शैलीची तपासणी), बिल्ड, टेस्ट आणि शेवटी 'ऑल-ग्रीन' नावाचा एक चिमुकला जॉब. या शेवटच्याला 'नीड्स'मध्ये (आधी कोणते जॉब व्हायला हवेत त्या यादीत) आधीचे तिघे दिलेत, आणि तो फक्त 'ओके' छापतो. मेन ब्रांचच्या (मुख्य कोडच्या) प्रोटेक्शनमध्ये रिक्वायर्ड चेक, म्हणजे ज्याच्याशिवाय मर्ज नाही असा चेक, म्हणून हा एकटाच लावलाय. कारण टेस्ट जॉब मॅट्रिक्सचा आहे, म्हणजे पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीवर वेगळा चालतो. पायथॉनची आवृत्ती बदलली की जॉबचं नाव बदलतं, आणि दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन नावं दुरुस्त करायचा कंटाळा. ही युक्ती माझीच, तेव्हा खापर दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी एकाने पीआर (आपला बदल मेनमध्ये मिसळायची, म्हणजे मर्ज करायची विनंती) टाकला, रिव्ह्यू झाला, ऑटो-मर्ज (रिक्वायर्ड चेक पास झाला की आपोआप मर्ज) लावून तो निघून गेला. टेस्ट जॉब फेल झाला. पीआर तरी मर्ज. सकाळी मेन लाल, आणि ज्यांनी ज्यांनी त्यावर रिबेस केलं (आपलं काम ताज्या मेनवर आणलं) त्या सगळ्यांचे पीआर लाल.

पीआरचं पान उघडलं तर लिंट हिरवा, बिल्ड हिरवा, टेस्टसमोर लाल फुली, आणि ऑल-ग्रीनसमोर राखाडी खूण. लाल नाही, राखाडी! अ‍ॅडमिनचा अधिकार वापरून कोणी ढकललेलं नाही, तेही तपासलं. मग हा आत शिरला कसा?

कोरडा_विनोद

नाव ऑल-ग्रीन आणि रंग राखाडी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

निशाचर — राखाडी म्हणजे स्किप्ड

उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. 'नीड्स' दिलं की आधीचा जॉब फेल झाल्यावर पुढचा जॉब चालतच नाही, तो स्किप होतो. आणि अटीमुळे स्किप झालेल्या जॉबची नोंद गिटहब 'सक्सेस' अशी करतं. तो रिक्वायर्ड असला तरी मर्ज अडत नाही. हा बग नाही, कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं वागणं आहे. पण ते वाचतो कोण, बटण हिरवं दिसलं की झालं.

म्हणजे टेस्ट पास झाली की तुमचा पहारेकरी 'ओके' म्हणतो, आणि फेल झाली की झोपतो. दार दोन्ही वेळा उघडंच.

उपाय दोन ओळींचा आहे. (नावं देवनागरीत लिहितोय, फाइलीत अर्थातच रोमनमध्ये.) ऑल-ग्रीन जॉबला 'इफ: ऑल्वेज()' ही अट लावा. म्हणजे आधीचे पास होवोत, फेल होवोत, रद्द होवोत, हा चालणारच. आणि आत नुसतं 'ओके' न छापता 'नीड्स.*.रिझल्ट' तपासा. त्यात कुठेही 'फेल्युअर' किंवा 'कॅन्सल्ड' सापडलं की एक्झिट १, म्हणजे जॉब फेल.

यातली एकच ओळ लावून उपयोग नाही. नुसतं ऑल्वेज लावलंत तर टेस्ट फेल झाल्यावरही जॉब उठून 'ओके' छापेल, आणि मग राखाडीऐवजी चक्क हिरवी खूण दिसेल. ते आणखी वाईट.

अर्धविराम

दंडवत घ्या. दीड वर्ष ही फाइल अशीच होती. याचा अर्थ दीड वर्ष आमच्याकडे रिक्वायर्ड असं काही नव्हतंच, लोक लाल फुली बघून आपणहून थांबत होते. ऑटो-मर्ज गेल्याच महिन्यात चालू केलं. बघणारा माणूस गेला आणि भोक दिसलं.

एक शंका. रिझल्टमध्ये 'स्किप्ड' आलं तर? तेही फेल धरायचं का?

निशाचर

रिझल्टच्या किमती चारच: सक्सेस, फेल्युअर, कॅन्सल्ड, स्किप्ड. मॅट्रिक्समधला एक जरी तुकडा फेल झाला तरी त्या जॉबचा एकत्रित निकाल फेल्युअर येतो, त्यामुळे आवृत्त्या कितीही बदला, नाव एकच राहतं. तुमची मूळ युक्ती बरोबरच होती, अर्धीच राहिली होती.

स्किप्डचं म्हणाल तर मी दोन याद्या ठेवतो. लिंट, बिल्ड, टेस्ट यांना स्किप होण्याचा अधिकार नाही, सक्सेसच पाहिजे. जे जॉब बदललेल्या फाइली बघून मुद्दाम वगळले जातात (उदाहरणार्थ फक्त दस्तऐवजांचे), त्यांनाच स्किप्ड माफ. सरसकट माफी दिलीत की पुढे कोणीतरी एखाद्या जॉबच्या अटीत टायपिंगची चूक करणार, तो जॉब कायमचा स्किप होणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

शाईपेन — नावांचा कंटाळा खरा आहे

मॅट्रिक्सचे सगळे तुकडे रिक्वायर्ड यादीत टाकून मी पस्तावलोय, त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत. आवृत्ती काढून टाकली की जुन्या नावाचा चेक यादीत तसाच राहतो, आणि सगळे पीआर 'एक्सपेक्टेड, वेटिंग फॉर स्टेटस' या पिवळ्या ठिपक्यावर ताटकळतात. उलट नवा जॉब यादीत घालायला गेलात तर तो शोधूनही सापडत नाही. कारण गेल्या सात दिवसांत त्या रेपोत (प्रकल्पाच्या कोडसंग्रहात) चाललेलेच चेक तिथे दिसतात. आधी चालवा, मग घाला.

अवांतर: मॅट्रिक्सचाच विषय निघालाय तर ३.१० ची गंमत सांगतो. आवृत्त्यांच्या यादीत ३.८, ३.९ आणि ३.१० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं होतं. यामलच्या (वर्कफ्लोची फाइल ज्या रचनेत लिहितात तिच्या) दृष्टीने ३.१० हा आकडा, आणि आकड्यात शेवटच्या शून्याला किंमत नाही. त्यामुळे रनर (जॉब चालवणारं यंत्र) बिचारा पायथॉन ३.१ शोधत बसला. एरर आली म्हणून कळलं तरी. अवतरणात लिहा रे बाबांनो.

वाळवी

मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे नेमकं उलटं होतंय. फक्त रीडमी बदललेला पीआर कधीच मर्ज होत नाही, वर शाईपेन म्हणतात तो पिवळा ठिपका अडकून राहतो. शेवटी कोणीतरी कोडच्या फाइलीत एक रिकामी ओळ घालतं, मग सुटतो.

उंबरठा

रिकामी ओळ :) आमच्याकडेही हाच रिवाज होता.

वर्कफ्लोच्या अगदी वर, 'ऑन'खाली 'पाथ्स' असा फिल्टर लावलाय ना? तिथे फिल्टर लावला की वर्कफ्लो सुरूच होत नाही. सुरू झाला नाही म्हणजे चेकचं नाव गिटहबपर्यंत पोचलंच नाही, आणि रिक्वायर्ड चेक वाट बघत बसतो. कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमध्ये 'स्किप सीआय' लिहिल्यावरही हेच.

म्हणजे दोन सारखे दिसणारे प्रकार आणि परिणाम बरोबर उलटे. वर्कफ्लो वगळला तर पीआर कायमचा अडकतो. वर्कफ्लोच्या आतला जॉब अटीने वगळला तर पीआर सुटतो. धागाकर्ता दुसऱ्यात सापडला, तुम्ही पहिल्यात.

तुमच्यासाठी उपाय: वरचा पाथ्स फिल्टर काढून टाका. वर्कफ्लो प्रत्येक पीआरवर सुरू होऊ द्या. पहिला छोटा जॉब काय बदललंय ते बघेल आणि बाकीचे जॉब त्याच्या निकालावर चालतील किंवा वगळले जातील. शेवटी निशाचर म्हणतात तसा दारावरचा जॉब. आणि हो, तो 'काय बदललंय' बघणारा पहिला जॉबही नीड्समध्ये घाला. तोच फेल झाला तर मागचे सगळे स्किप होतात.

एक खाच आहे. चेकआउट अ‍ॅक्शन डीफॉल्टने फक्त एकच कमिट आणते. मेनशी फरक काढायला गेलात तर गिट म्हणेल सामाईक पूर्वज सापडत नाही. फेच-डेप्थ वाढवा.

वाळवी

चाललं! रीडमीचा पीआर वीस सेकंदांत हिरवा. धन्यवाद. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जुनाट — प्रत्येक पीआर हिरवा, मेन लाल

तुमचं भोक बुजलं तरी मेन लाल होणारच आहे, फक्त कमी वेळा. कारण प्रत्येक पीआर एकेकटा हिरवा असणं आणि सगळे मिळून हिरवे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा अ या पीआरमध्ये एका फंक्शनचं आर्ग्युमेंट काढून टाकलं आणि जिथे जिथे ते वापरलं होतं ते सगळं दुरुस्त केलं. त्याच दिवशी ब पीआरमध्ये एका नव्या फाइलीत तेच फंक्शन जुन्या पद्धतीने वापरलं. दोघांच्या फाइली वेगळ्या, गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही. दोघेही हिरवे. दोघेही मर्ज. मेन मोडला. यात कोणाचीच चूक नाही, हेच त्रासदायक आहे.

पीआरचा चेक चालतो तो तुमच्या ब्रांचवर नाही, तर तुमची ब्रांच आणि मेन यांच्या तात्पुरत्या मर्जवर, इतपत गिटहब काळजी घेतं. पण तो मर्ज चेक सुरू झाला त्या क्षणीचा. नंतर मेन पुढे सरकला तर तुमची हिरवी खूण शिळी.

रस्ट भाषेच्या प्रकल्पाने हे फार आधी ओळखलं. तिथे 'बोर्स' नावाचा बॉट मर्ज करतो. मंजूर झालेला बदल ताज्या मेनला जोडायचा, त्या जोडावर टेस्ट चालवायच्या, पास झाल्या तर तोच जोड मेन म्हणून पुढे सरकवायचा. ओपनस्टॅकचं 'झूल' त्याही पुढे गेलं: रांगेतले आधीचे सगळे पास होतील असं गृहीत धरून मागच्यांच्या टेस्ट एकाच वेळी सुरू करायच्या, आणि मधला कोणी पडला की त्याच्या मागच्यांची पुन्हा मांडणी करायची.

शाईपेन

जुनाट, एवढं कशाला? सेटिंगमध्ये 'ब्रांच अप टू डेट असली पाहिजे' असा डबा आहे. टिक केली की शिळ्या हिरव्याचा प्रश्न मिटला.

जुनाट

मिटला, पण कोणाच्या वेळेवर? तुमचा चेक १८ मिनिटांचा धरू. दहा पीआर तयार आहेत. एक मर्ज झाला की उरलेले नऊ शिळे. सगळ्यांनी मेन ओढला, नऊ चेक पुन्हा. त्यातला एक मर्ज, आठ पुन्हा. दहा अधिक नऊ अधिक आठ असं करत ५५ रन होतात आणि शेवटच्याला तीन तास लागतात. शिवाय प्रत्येक जण 'अपडेट ब्रांच' बटणावर बोट ठेवून टपलेला. दोघातिघांच्या टीमला तो डबा ठीक आहे. त्यापुढे भांडणं.

निशाचर

जुनाट यांच्याशी सहमत. गिटहबवर अशीच रांग, 'मर्ज क्यू', २०२३ पासून सगळ्यांसाठी खुली आहे, म्हणजे संस्थेच्या मालकीच्या सार्वजनिक रेपोंना. खाजगी रेपो असेल तर एंटरप्राइझ क्लाउड लागतं. वैयक्तिक खात्याच्या रेपोला नाही.

लावताना सगळे एकाच ठिकाणी आपटतात, म्हणून सांगतो. क्यूमध्ये गेलेल्या पीआरवर 'पुल रिक्वेस्ट' इव्हेंट येत नाही, 'मर्ज ग्रुप' नावाचा वेगळा येतो. तो वर्कफ्लोच्या 'ऑन'मध्ये लिहिला नाही तर क्यू रिक्वायर्ड चेकची वाट बघते, चेक सुरूच होत नाही, आणि शेवटी कंटाळून पीआर बाहेर फेकते. लोक दोन दिवस टेस्टमध्ये चूक शोधत बसतात.

आणि 'नवा पुश आला की जुना रन रद्द करा' ही कॉन्करन्सीची सोय पीआरसाठी छान आहे, क्यूसाठी तिचा ग्रुप वेगळा ठेवा. नाहीतर रांगेतला एक जण दुसऱ्याचा रन मारतो.

माऊसपॅड — गिटलॅबवाल्यांनी हसू नये

आम्ही गिटलॅबवर. इथेही तीच कथा, वेगळ्या नावांनी. 'पाइपलाइन्स मस्ट सक्सीड' ही टिक आहे, आणि तिच्याच खाली 'स्किप्ड पाइपलाइन यशस्वी समजावी' अशी दुसरी. कोणीतरी घाईत दोन्ही टिक केल्या होत्या.

दुसरा सापळा मॅन्युअल जॉबचा. जॉबला थेट 'व्हेन: मॅन्युअल' लिहिलं तर 'अलाउ फेल्युअर' आपोआप खरं धरलं जातं, म्हणजे बटण न दाबताही पाइपलाइन पुढे जाते. तेच 'रूल्स'च्या आत लिहिलं तर खोटं धरलं जातं, आणि कोणी बटण दाबेपर्यंत पाइपलाइन अडते. आमची सुरक्षेची तपासणी पहिल्या पद्धतीने लिहिली होती. ती किती वेळा खरोखर चालली हे मी मोजलं आणि मग ते कोणाला सांगितलं नाही.

जुनाट म्हणतात त्या रांगेला इथे 'मर्ज ट्रेन' म्हणतात, २०१९ पासून आहे, पण पैसे भरणाऱ्या श्रेणीत.

टिचकी

सगळं ठीक आहे, पण आमची खरी डोकेदुखी वेगळी. टेस्ट मनाला येईल तेव्हा फेल होतात. दार कडक केलं की रोज दहा वेळा 'रीरन' दाबायचं. शेवटी बॉस म्हणाला, काढून टाका तो रिक्वायर्ड.

उंबरठा

बॉसला एक गुणाकार दाखवा. बारा जॉब आहेत आणि प्रत्येक फक्त २ टक्के वेळा उगीच फेल होतो. सगळे एकदम पास व्हायची शक्यता ०.९८ चा बारावा घात, म्हणजे साधारण ७८ टक्के. कोडमध्ये काहीही चूक नसताना पाचातला एक पीआर लाल. प्रत्येक जॉबचा मालक मात्र प्रामाणिकपणे सांगणार, 'माझा तर ९८ टक्के वेळा पास होतो'.

आपण एकटेच नालायक असं वाटून घेऊ नका. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे दिले होते: टेस्टच्या एकूण रन्सपैकी सुमारे १.५ टक्के अशा लहरी, आणि जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी लहरीपणा.

मी आपोआप रीट्रायच्या विरोधात आहे. नेटवर्कवरून पॅकेज ओढणाऱ्या स्टेपला रीट्राय द्या, टेस्टला नको. लहरी टेस्ट सापडली की त्याच दिवशी रिक्वायर्ड जॉबमधून उचलून वेगळ्या जॉबमध्ये टाका, तो जॉब रोज चालवा पण त्याने मर्ज अडवू नये, आणि त्या टेस्टवर कोणाचं तरी नाव आणि तारीख लिहा. तारीख उलटली की टेस्ट दुरुस्त करा नाहीतर पुसून टाका.

कोरडा_विनोद

आमच्या त्या वेगळ्या जॉबचं आता वृद्धाश्रमात रूपांतर झालंय. तारखा सगळ्यांच्या उलटल्यात, भेटायला कोणी येत नाही.

शाईपेन — ३१ तारखेची टेस्ट

लहरी म्हणून बाजूला टाकताना जरा जपून, एवढंच सांगतो. आमच्याकडे एक टेस्ट ३१ मार्चला फेल झाली. रीरन, रीरन, रीरन. दुसऱ्या दिवशी पास. सगळे म्हणाले रनरचा दोष. ३१ मे ला पुन्हा. तेव्हा मी छातीठोकपणे जाहीर केलं, ही ३१ तारखेला पडते. मग ३१ जुलै आली आणि टेस्ट पास झाली. माझं हसं झालं.

३१ ऑगस्टला पडली तेव्हा कोड उघडला. सदस्यत्वाची पुढची तारीख काढताना आजच्या तारखेतला महिना एकने वाढवला होता, दिवस तोच ठेवून. ३१ मार्चचा होतो ३१ एप्रिल, पायथॉन म्हणतं अशी तारीख नाही. ३१ जुलैचा ३१ ऑगस्ट होतो, तो मात्र असतो. आणि डिसेंबरमध्ये तर महिना तेरावा! फेब्रुवारीत लिहिलेला कोड होता, डिसेंबर उजाडला नव्हता म्हणून वाचलो.

टेस्ट लहरी नव्हती. वर्षात तीन वेळा तिने खरं सांगितलं आणि आम्ही रीरन दाबून तिचं तोंड बंद केलं.

टिचकी

बाप रे. आमच्याकडच्या बाजूला टाकलेल्या टेस्टच्या तारखा तपासतोय आता.

अजून एक विचारू? कव्हरेज (टेस्टने तपासलेल्या ओळींचं प्रमाण) ८५ टक्क्यांखाली गेलं की मर्ज अडवायचं असा प्रस्ताव आलाय. मत काय?

जुनाट

माझं मत: आकडा दाखवा, त्यावर अडवू नका. १०० ओळींपैकी ९० तपासलेल्या आहेत, कव्हरेज ९० टक्के. कोणीतरी शहाण्याने ५० ओळींचा वापरात नसलेला कोड पुसला, योगायोगाने त्या सगळ्या तपासलेल्या होत्या. उरल्या ५०, त्यातल्या ४० तपासलेल्या. कव्हरेज ८० टक्के, पीआर लाल. साफसफाई करणाऱ्याला शिक्षा! तो बिचारा काय करणार, कशाचीच खात्री न करणाऱ्या दोन टेस्ट टाकणार. अडवायचंच असेल तर फक्त या पीआरमध्ये नव्याने आलेल्या ओळींवर अडवा.

माऊसपॅड

इथे मी सहमत नाही. नुसता दाखवलेला आकडा कोणी बघत नाही, दोन महिन्यांत तो भिंतीचा भाग होतो. आमच्याकडे एकूण आकड्यावरच अडवतो आणि साफसफाईच्या पीआरला टीम लीड लेबल लावून सोडतो. महिन्यातून एखाद वेळ लागतं.

जुनाट

तेही चालेल. लीड सुट्टीवर गेल्यावर काय होतं ते कळवा :)

पडदानशीन — दाराची किल्ली पाहुण्याच्या हातात

एवढे प्रतिसाद झाले, पण मूळ गोष्टीला कोणी हात लावला नाही. पीआरवर चालणारी वर्कफ्लोची फाइल कुठून येते? त्या पीआरमधूनच! ब्रांचवर पुश करू शकणारा कोणीही त्याच पीआरमध्ये ऑल-ग्रीनचं पोट कापून 'ओके' एवढंच ठेवू शकतो. चेकचं नाव तेच, खूण हिरवी. दुष्टपणानेच करेल असं नाही, 'तात्पुरतं काढलंय' म्हणून करेल आणि परत घालायला विसरेल. वर्कफ्लोच्या फोल्डरसाठी कोडओनर्स (कोणत्या फाइली कोणाच्या ताब्यात ती यादी) लावा आणि कोडओनरचा रिव्ह्यू सक्तीचा करा. रिक्वायर्ड चेकसमोर तो कोणत्या अ‍ॅपकडून यायला हवा तेही निवडता येतं, ते 'एनी सोर्स'वर सोडू नका. नाहीतर लिहिण्याचा अधिकार असलेलं कोणीही एपीआयवरून त्याच नावाचा हिरवा स्टेटस चिकटवू शकतं.

ओपन सोर्सवाल्यांसाठी: 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' हा इव्हेंट मूळ रेपोच्या सीक्रेट्ससह (पासवर्ड, टोकन वगैरे) चालतो. त्यात फोर्कमधला (दुसऱ्याने काढलेल्या प्रतीतला) कोड चेकआउट करून त्याच्या टेस्ट चालवल्या, तर अनोळखी माणसाच्या हातात सीक्रेट्स दिलीत. लेबल लावणं, कमेंट टाकणं एवढ्यापुरताच तो वापरा.

आणि वर उंबरठा यांनी 'काय बदललंय ते बघणारा जॉब' सुचवला, त्यासाठी तयार अ‍ॅक्शन घेणार असाल तर टॅगवर (आवृत्तीचं नाव, ते हलवता येतं) विसंबू नका, कमिटचा पूर्ण हॅश (न बदलणारी ओळख) लिहा. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या नेमक्या याच कामाच्या अ‍ॅक्शनचे टॅग हल्लेखोरांनी दुष्ट कमिटकडे वळवले, आणि सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. २३ हजारांहून जास्त रेपो ती वापरत होते. पूर्ण हॅश लिहिला असता तर टॅग कुठेही वळले तरी फरक पडला नसता.

उंबरठा

रास्त. मी तर त्यासाठी गिट डिफच्या चार ओळीच लिहितो, पण ते सांगायचं राहिलं.

वाळवी

पुन्हा मीच. आमचा फॉरमॅटिंग करणारा बॉट पीआरवर स्वतः कमिट टाकतो. त्याने टाकलं की पुन्हा तो पिवळा ठिपका!

निशाचर

बॉट वर्कफ्लोसोबत आपोआप मिळणारं टोकन वापरतोय. त्या टोकनने केलेल्या पुशमुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही, नाहीतर बॉट स्वतःलाच जागवत राहील म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. नवीन कमिटवर चेक नाही म्हणून ठिपका. वेगळ्या गिटहब अ‍ॅपचं टोकन द्या. किंवा माझं ऐकाल तर बॉटला कमिट करू देऊ नका, फॉरमॅट चुकला तर चेक फेल करा आणि कोणती आज्ञा चालवायची ते एररमध्ये लिहा. लोक दोन आठवड्यांत शिकतात.

टिचकी

आणि रात्री दोनला प्रॉडक्शन पडलंय, दुरुस्ती एका ओळीची, आणि दारावर अठरा मिनिटं उभं राहायचं, तेव्हा?

पडदानशीन

तेव्हा बायपास. पण तो नावानिशी दोघांनाच द्या, आणि वापरला की टीमच्या चॅनेलवर आपोआप मेसेज जाऊ दे. उरलेल्या सगळ्या अ‍ॅडमिन मंडळींना नियम सारखाच लागू. नाहीतर अ‍ॅडमिनला बटण लाल रंगात का होईना पण दाबता येतं, आणि दाबता येतं म्हटल्यावर ते दाबलं जातं.

जुनाट

आणि ती अठरा मिनिटं कमी करा. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगवाले दहा मिनिटांत बिल्ड म्हणत होते ते उगीच नाही. रात्री दोनला दहा मिनिटं माणूस थांबतो. अठरा मिनिटं नाही थांबत.

जॉबला टाइमआउटही द्या. गिटहबचा डीफॉल्ट ३६० मिनिटांचा आहे. अडकलेली टेस्ट सहा तास फिरत राहते.

अर्धविराम

मंडळी, हिशेब देतो. ऑल-ग्रीनला ऑल्वेज लावलं, रिझल्ट तपासतो, लिंट-बिल्ड-टेस्टला स्किपची माफी नाही. मुद्दाम एक मोडकी टेस्ट टाकून पीआर काढला. ऑल-ग्रीन लाल, बटण राखाडी. दीड वर्षात पहिल्यांदा ते बटण राखाडी पाहिलं. मधेच रन रद्द करूनही पाहिला, तेव्हाही अडला. रेपो खाजगी आहे, त्यामुळे क्यूचा विषय तूर्त नाही, सहा जणांत तो अप-टू-डेटचा डबाच टिक केलाय. टाइमआउट २० मिनिटं. कोडओनर्स लावले.

मग सहज म्हणून वर्कफ्लोतले जॉब आणि नीड्समधली नावं समोरासमोर ठेवली. वर मी जॉब चार म्हणालो होतो. ते पाच निघाले. डेटाबेस मायग्रेशन तपासणारा जॉब कोणीतरी मार्चमध्ये घातलाय, आणि नीड्समध्ये त्याचं नावच नाही. तो लाल झाला काय नि हिरवा झाला काय, दाराला पत्ता नाही.

म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: यामल वाचायची, ऑल-ग्रीन सोडून सगळ्या जॉबची नावं काढायची, नीड्सशी ताडून बघायची, कमी असेल तर फेल. तिचा वेगळा जॉब केला आणि पीआर टाकला. पहिल्याच रनमध्ये स्क्रिप्टने दोन नावं कमी असल्याचं सांगितलं. एक मायग्रेशनचं, दुसरं तिचं स्वतःचं. आणि ऑल-ग्रीन मात्र हिरवा.

कोरडा_विनोद

:)) :))

निशाचर

वेगळा जॉब कशाला? ऑल-ग्रीनचीच पहिली स्टेप करा ती.

अर्धविराम

केली. लाल झाला. आता मायग्रेशनचं नाव घालतो.